आपला अंपायर आपणच!

गोल्फच्या पात्रता फेरीत प्रतिस्पर्ध्याच्या आधी भेटते ती ‘प्लेअर गाइडलाइन्स’ नावाची चार पानं. बोअर वाटतात, पण सगळा खेळ त्यांच्यातच आहे.

‘आय हॅव रेड अँड अ‍ॅग्री’ या ओळीशेजारच्या चौकोनात टिक करण्याआधी वरचा मजकूर तुम्ही शेवटचा कधी वाचला होता? खरं सांगा! नवीन अ‍ॅप असो, क्रेडिट कार्ड असो की कंपनीची एचआर पॉलिसी, आपण सगळे थेट खाली जातो. टिक, सबमिट, विषय संपला. बहुतेक वेळा त्यानं आपलं काही बिघडतही नाही.

गोल्फमध्ये मात्र बिघडतं. तेही असं की, दिवसभर झकास खेळून संध्याकाळी तुमचं नाव यादीतूनच गायब! कारण? सकाळी पहिल्या टीवर चार मिनिटं उशिरा आलात. किंवा बॅगेत मित्राचा जास्तीचा पटर राहिला. किंवा कार्डावर एका चौकोनात ५ ऐवजी ४ लिहिलं गेलं.

हल्ली आपल्या मित्रमंडळींत कोणी ना कोणी गोल्फकडे वळलेलं असतं. आधी ड्रायव्हिंग रेंजवर एक रविवार, मग सेकंडहँड सेट, मग ऑफिसमधल्या सीनिअर्सबरोबर एखादा राउंड. आणि मग एक दिवस मेल येतो: ‘अमॅच्युअर क्वालिफाइंग राउंड, एन्ट्रीज ओपन’. बीएमडब्ल्यू गोल्फ कप आणि मर्सिडीज ट्रॉफी यांसारख्या हौशी खेळाडूंच्या स्पर्धांच्या शहरवार पात्रता फेऱ्या आपल्याकडे होत आल्या आहेत. शहरातली फेरी जिंका, नॅशनल फायनलला जा, तिथं जिंकलात तर परदेशात. इंडियन गोल्फ युनियनच्या अमॅच्युअर स्पर्धा आहेत त्या वेगळ्याच, तिथं मामला आणखी सीरियस.

मी स्वतः शेंदूरजनाघाटचा. अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं हे गाव संत्र्यांसाठी आणि त्याहून जास्त संत्र्याच्या कलमांसाठी ओळखलं जातं. गोल्फ कोर्स तिथं नाही. लहानपणी काठीनं काही मारलं असेल तर ती विटी! नोकरीसाठी पुण्यात आलो, टीममधल्या एकाच्या नादानं रेंजवर गेलो आणि अडकलो. पहिल्या पात्रता फेरीची गाइडलाइन्सची प्रिंट हातात आली, तेव्हा मी ती परीक्षेच्या हॉलतिकिटासारखी उलटसुलट वाचली. आज वाटतं, स्विंगच्या कुठल्याही टिपपेक्षा ती चार पानं जास्त कामाची होती. म्हणून तीच आज तुमच्यासोबत वाचायची आहेत.

हँडिकॅप म्हणजे तुमचा सीव्ही

फॉर्मवरचा पहिला रकाना हँडिकॅपचा. ढोबळ अर्थ असा की, कोर्सनं अपेक्षिलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे ‘पार’पेक्षा, तुम्हाला साधारण किती फटके जास्त लागतात. २०२० पासून जगभरात ‘वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम’ नावाची एकच पद्धत आली. शेवटच्या २० राउंडमधल्या सर्वांत चांगल्या ८ राउंडवरून तुमचा इंडेक्स ठरतो. कमाल इंडेक्स ५४. नवशिक्यानं ५४ होलचे स्कोअर नोंदवले, म्हणजे १८ होलचे तीन राउंड, की पहिला इंडेक्स मिळतो.

यातली गंमत पाहा. क्रिकेटमध्ये तुमची सरासरी स्कोअरर काढतो. इथं स्कोअर तुम्हीच नोंदवायचे. वाईट स्कोअर लपवले तर हँडिकॅप खोटा कमी दिसणार आणि फायनलला फजिती होणार. चांगले लपवले तर तो खोटा जास्त दिसणार आणि बक्षीस सोपं होणार. या दुसऱ्या प्रकाराला गोल्फमध्ये ‘सँडबॅगिंग’ म्हणतात आणि क्लबात त्यापेक्षा वाईट शिवी नाही. अप्रेझलच्या आधी टार्गेट मुद्दाम कमी ठरवून घेणारा सहकारी आठवला ना? तोच हा.

एन्ट्रीचा रकाना किती महत्त्वाचा, याचा जगप्रसिद्ध किस्सा आहे मॉरिस फ्लिटक्रॉफ्टचा. इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेसचा हा क्रेन ऑपरेटर. १९७६ मध्ये त्याला वाटलं, आपण ब्रिटिश ओपन खेळावं. हौशी खेळाडूला हँडिकॅप दाखवावा लागायचा आणि याच्याकडे तो नव्हताच. मग त्यानं फॉर्मवर सरळ ‘प्रोफेशनल’वर खूण केली! फॉर्म्बीच्या पात्रता फेरीत त्यानं १२१ फटके मारले, पारपेक्षा ४९ जास्त. आयोजकांचा संताप झाला, त्याच्यावर बंदी आली, तरी पठ्ठ्या पुढं नावं बदलून येतच राहिला. त्याच्यावर २०२१ मध्ये ‘द फँटम ऑफ द ओपन’ हा सिनेमाही आला. लोकांना तो आवडला, मलाही आवडतो. पण त्याच्या गटात खेळणाऱ्या दोघांचा विचार करा. वर्षभर घाम गाळून ते त्या एका दिवसासाठी आले होते.

पाच मिनिटांची किंमत

ड्रॉ लागला की तुमच्या नावापुढं टी-टाइम येतो. ७.४२ म्हणजे ७.४२. ‘ट्रॅफिक होता’ इथं चालत नाही. पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर पहिल्याच होलवर दोन फटक्यांचा दंड, त्यापुढं थेट बाद. नवल म्हणजे लवकर सुरू केलं तरीही दंड आहे! त्यामुळे शहाणा माणूस तासभर आधी पोचतो. रेंजवर अंग मोकळं करतो, सरावाच्या ग्रीनवर थोडं पटिंग करतो. मात्र स्ट्रोक प्ले स्पर्धेच्या दिवशी फेरीआधी प्रत्यक्ष कोर्सवर सराव करायला बंदी असते. ‘जाता जाता तिसऱ्या होलवर दोन मारून बघू’ हा मोह टाळा.

बॅगेत क्लब जास्तीत जास्त १४. एक जरी जास्त निघाला तरी ज्या होलवर तो बाळगलात त्या प्रत्येक होलला दोन फटके, एका राउंडमध्ये कमाल चार. वापरला नाही ही सबब चालत नाही. म्हणून निघण्याआधी बॅग मोजा, अगदी लग्नाच्या वऱ्हाडातली माणसं मोजतात तशी.

अंतर मोजायचं यंत्र २०१९ पासून नियमानं चालतं, आयोजकांनी स्थानिक नियम करून बंद केलं नसेल तर. पण चढ-उताराचा हिशेब देणारं त्यातलं ‘स्लोप’ फीचर बंदच ठेवायचं. कॉलरचा टी-शर्ट हवा. जीन्स बहुतेक क्लबांत चालत नाही. मोबाइल सायलेंटवर. (बॉसचा फोन आला तर? बॉसही बहुधा मागच्याच गटात असतो!)

रविवारच्या सवयी रविवारीच ठेवा

मित्रांबरोबरच्या गोल्फला आपले लाडके कायदे असतात. पहिला फटका वाया गेला तर एक फुकट, त्याचं नाव ‘मुलिगन’. चेंडू होलपासून हातभर असला की समोरचा म्हणतो ‘दिला’, आपण उचलतो. पात्रता फेरीत हे दोन्ही विसरा. स्ट्रोक प्लेमध्ये प्रत्येक होलवर चेंडू खळग्यात गेलाच पाहिजे. उचलून पुढच्या टीवर जाऊन फटका मारलात, तर सरळ बाद. कॉर्पोरेट स्पर्धा बऱ्याचदा ‘स्टेबलफोर्ड’ पद्धतीनं होतात. तिथं हँडिकॅप धरून पारला २ गुण, बर्डीला ३, बोगीला १. एखाद्या होलवर गुण मिळण्याची आशाच संपली असेल, तर चेंडू उचलायची मुभा असते. आपली स्पर्धा यातली कोणती, हे पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. वाचायचं तेवढं बाकी असतं!

दुसरी सवय बडबडीची. सोबतचा खेळाडू सुंदर फटका मारतो आणि आपण सहज विचारतो, ‘काय मारलंस, सात नंबर?’ संपलं! हा ‘अ‍ॅडव्हाइस’ झाला, दोन फटके दंड. त्यानं उत्तर दिलं तर त्यालाही दोन. अंतर विचारा, होल कुठं आहे विचारा, नियम विचारा, ते सगळं चालतं. कसं खेळू आणि कशानं खेळू, हे फक्त आपल्या कॅडीला विचारायचं.

आणि हा कॅडी! त्याला नुसता बॅग उचलणारा समजू नका. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरनं १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. त्याच्याआधी ती जिंकणारा भारतीय होता पी. जी. सेठी, १९६५ मध्ये, तोही हौशी खेळाडू असताना. ग्रीनचा उतार कुठं आहे, हे तुमच्या कॅडीला तुमच्या महागड्या यंत्रापेक्षा जास्त कळतं.

चेंडू हरवला, डोकं हरवू नका

झाडीत गेलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची. २०१९ पासून तीनच. चेंडू सापडला तरी तो तुमचाच आहे, हे सांगता आलं पाहिजे. कंपनी आणि नंबर एकसारखे असणारे चेंडू भरपूर, म्हणून मार्कर पेननं त्यावर स्वतःची खूण करा. मी संत्र्याची फोड काढतो, सोपी पडते.

चेंडू हरवेल किंवा पांढऱ्या खुंट्यांपलीकडं जाईल अशी शंका आली की, शोधायला निघण्याआधीच दुसरा मारून ठेवायचा. याला ‘प्रोव्हिजनल’ म्हणतात. पण हे सोबतच्यांना आधी स्पष्ट सांगायचं. ‘अजून एक मारतो’ असं मोघम म्हणून चालत नाही. न सांगता मारलात, की तोच तुमचा खेळातला चेंडू ठरतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नाही. क्लबच्या रोजच्या खेळात, दोन फटके दंड घेऊन चेंडू पुढंच टाकायची सोय स्थानिक नियमानं दिलेली असते. पात्रता फेरीत ती आहे की नाही, ते ‘लोकल रूल्स’च्या कागदावर पाहा. नसेल तर मुकाट्यानं मागं जाऊन पुन्हा मारायचं.

खुंट्यांचे रंग सिग्नलसारखे पाठ करा. पांढरा म्हणजे हद्द. पिवळा आणि लाल म्हणजे पेनल्टी एरिया, बहुतेक वेळा पाणी. तिथून एक फटका दंड भरून बाहेर येता येतं आणि लाल असेल तर बाजूलाच, दोन क्लबच्या लांबीत, चेंडू टाकायचा जादा पर्याय मिळतो. चेंडू टाकायचा तो गुडघ्याच्या उंचीवरून. खांद्याच्या उंचीवरून टाकायचे ते दिवस २०१८ बरोबर गेले.

तरीही मध्येच अडलात, नियमच कळेना आणि रेफ्री जवळपास नाही, तर काय? माझ्या मते सगळ्या नियमावलीतली सर्वांत शहाणी सोय इथं आहे. स्ट्रोक प्लेमध्ये तुम्ही तो होल दोन चेंडूंनी पुरा करू शकता. कोणता चेंडू मोजला जावा असं तुम्हाला वाटतं, ते आधी जाहीर करायचं, दोन्ही स्कोअर लिहून ठेवायचे आणि कार्ड देण्याआधी कमिटीला सांगायचं. दोन्ही स्कोअर सारखे आले तरीही सांगायचंच. निर्णय त्यांचा. भांडण नाही, खोळंबा नाही. आमच्या ऑफिसच्या मीटिंगांना हा नियम लागू झाला, तर काय बहार येईल!

पेन हा पंधरावा क्लब

अठरा होल संपले, हात मिळवले, टोप्या काढल्या. आता थंड लिंबू सरबत? थांबा. आधी स्कोअर कार्ड.

गोल्फमध्ये तुमचं कार्ड तुमच्या हातात नसतं. तुमचा स्कोअर सोबतचा खेळाडू लिहितो, तो तुमचा ‘मार्कर’. तुम्ही बहुधा तिसऱ्या कुणाचा लिहिता. शेवटी तुम्ही प्रत्येक होलचा आकडा तपासायचा, दोघांनी सही करायची आणि कार्ड द्यायचं. बेरीज चुकली तर हरकत नाही, ती कमिटीचं काम आहे. पण एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त लिहिला गेला असेल तर तो तसाच राहतो. कमी लिहिला गेला असेल तर तुम्ही बाद.

यानं मोठमोठे लोक घायाळ झालेत. १४ एप्रिल १९६८, अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस आणि अर्जेंटिनाच्या रोबेर्तो द विसेन्झोचा ४५ वा वाढदिवस. सतराव्या होलला त्यानं तीन फटके घेतले, हजारो लोकांनी ते पाहिलं. त्याचा मार्कर टॉमी अ‍ॅरननं चुकून चार लिहिले. रोबेर्तोनं न बघता सही केली. ६५ चे ६६ झाले. बॉब गोल्बीशी बरोबरी होऊन प्लेऑफ व्हायचा, तो झालाच नाही. हा उपविजेता. दुसरी तऱ्हा फेब्रुवारी २०२४ ची. जेनेसिस इन्व्हिटेशनलमध्ये जॉर्डन स्पीथच्या कार्डावर चौथ्या होलला ४ ऐवजी ३ पडले, सही झाली, तो तिथून बाहेर पडला आणि बाद झाला. एकाचा आकडा जास्त, दुसऱ्याचा कमी. चूक तेवढीच, शिक्षा वेगवेगळी.

म्हणून प्रत्येक होलनंतर चालता चालता मार्करला मोठ्यानं विचारा, ‘माझे पाच, बरोबर?’ लाज कसली? क्लायंटच्या मीटिंगनंतर आपण मिनिट्स पाठवतोच ना!

‘मंग चेंडू हालला त कोन सांगते?’

मागच्या दिवाळीला गावी गेलो होतो. आंबिया बहाराची तोड सुरू होती. बाबांनी विचारलं, तो दांड्याचा खेळ काय आहे नेमका? मी अंगणात बसून त्यांना समजावत होतो.

‘म्हणजे अंपायर राह्यतच नाई?’

‘राह्यतेत बाबा, दोन-चार रेफ्री. पन सगळ्यायच्या मांगं थोडीच फिरतेत.’

‘मंग चेंडू हालला त कोन सांगते?’

‘ज्याचा हालला त्यानंच सांगाचं.’

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘हे त आपल्या नर्सरीवानीच झालं लेका. गिऱ्हाइकाले काय दिसते? जंबेरीच्या खुंटावर डोळा भरला का कशावर भरला, अन् डोळा कोन्या झाडाचा घेतला? हिरवं रोप दिसते, पैशे देते अन् जाते. चार-पाच वर्सांनं झाड फळावर आलं म्हनजे समजते. तवरोक आपलंच तोंड अन् आपलंच इमान.’

मला जे अर्ध्या तासात सांगता आलं नव्हतं, ते बाबांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. आमच्या गावातली कलमं मध्य प्रदेशातही जातात. घेणारा माणूस रोपाच्या मुळाशी काय आहे, ते बघू शकत नाही. तो फक्त विचारू शकतो आणि विकणारा सांगतो त्यावर पाच वर्षांचं पाणी, खत आणि कर्ज लावतो. गोल्फची नियमावली याच पायावर उभी आहे. १७४४ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथच्या खेळाडूंनी १३ नियम लिहिले. आज ते २५ आहेत आणि त्यांचं स्पष्टीकरण पुस्तकभर. पण त्यातलं पहिलंच प्रकरण सांगतं की, खेळाडूनं सचोटीनं वागायचं, नियम मोडला तर स्वतःहून दंड लावून घ्यायचा. चारशे यार्डांच्या होलवर गवतात वाकलेल्या माणसाला कुणी बघत नसतं, हे त्या लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

बॉबी जोन्स हा आयुष्यभर हौशी राहिलेला अमेरिकन दिग्गज. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये वूस्टरला, लांब गवतात फटक्याच्या तयारीत असताना त्याचा चेंडू हलला. इतर कुणी पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी निर्णय त्याच्यावरच सोडला. त्यानं स्वतःला एक फटका दंड लावला. ७२ होलनंतर त्याची आणि विली मॅकफार्लेनची बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये जोन्स हरला. तो एक फटका नसता, तर प्लेऑफची गरजच नव्हती. लोक कौतुक करायला लागले, तर तो चिडायचा. बँक लुटली नाही म्हणून कोणी शाबासकी देतं का, असा त्याचा सवाल होता.

हे झाले पुस्तकातले किस्से. मी जे डोळ्यांनी पाहिलं, ते एका पात्रता फेरीतलं. आमच्या गटात एक ऑडिटर होता, तिशीचा, अबोल. त्याचं कार्ड माझ्याकडे होतं. तेराव्या होलपर्यंत तो मस्त खेळत होता. पुढच्या टप्प्यासाठी आठ जागा होत्या आणि तो त्यात बसणार, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. चौदाव्याला चेंडू रफमध्ये गेला. त्याच्या शेजारची एक वाळकी काडी त्यानं दोन बोटांनी उचलली. मी वीस पावलांवर होतो, मला काहीच दिसलं नाही. तो उभा राहिला, हात वर केला आणि म्हणाला, ‘हलला. एक लिहा.’

मी म्हणालो, ‘नक्की?’

तो म्हणाला, ‘हलला ना.’ चेंडू होता तिथं परत ठेवला आणि खेळला.

नियम त्याच्या बाजूनं नव्हता, एवढं सांगतो. शोधताना चुकून चेंडू हलला तर २०१९ पासून दंड नाही, ग्रीनवर चुकून हलला तरी नाही. पण रफमध्ये काडी उचलताना हलला, तर एक फटका आहे. संध्याकाळी बोर्ड लागला. आठव्या जागेपासून तो एक फटका दूर होता. नववा. त्यानं बोर्ड पाहिला, माझ्याकडून पेन मागून घेतलं, राखीव यादीत नाव लिहिलं आणि चहा घ्यायला गेला. मी त्या यादीच्या आसपासही नव्हतो. पण तो दिवस मी ट्रॉफीसारखा जपून ठेवलाय. पुढच्या फेरीआधी कुणी माघार घेतली नाही. त्याला जागा मिळाली नाही.

मग अशा खेळाचा फायदा काय, असं तुम्ही विचाराल. सरळ उत्तर सांगतो. ऑफिसात आपण दिवसभर अशाच जागी उभे असतो, जिथं कुणी बघत नाही. टाइमशीटमधला अर्धा तास, ट्रॅव्हल बिलातली रिक्षा, एक्सेलमधला ‘अ‍ॅडजस्ट’ केलेला आकडा. तिथं चुकीची किंमत लगेच दिसत नाही आणि खरेपणाचीही नाही. गोल्फमध्ये ती संध्याकाळी बोर्डावर दिसते, एका फटक्याइतकी नेमकी. कधी ती आपल्यालाच मोजावी लागते. चार तास हे करून पाहण्यासारखं आहे.

यादीबाहेरचेही खेळतात

राखीव यादीत नाव लिहिणं हा वेडेपणा समजू नका. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकच्या यादीबाहेर होता. २०२१ च्या जुलैत अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतली आणि उदयन ऑलिंपिकला गेला. आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये अर्जुन अटवालनं अमेरिकेत सोमवारची पात्रता फेरी खेळून विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये प्रवेश मिळवला. रविवारी तो ती स्पर्धा जिंकला होता! पीजीए टूरची स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय. पात्रता फेरीतून येऊन त्याच आठवड्यात जिंकणं १९८६ नंतर कुणालाच जमलं नव्हतं.

बरोबरी झाली तर काय, तेही गाइडलाइन्समध्ये असतं. बहुतेक हौशी स्पर्धांत ‘काउंट-बॅक’ लावतात. शेवटचे नऊ होल, मग सहा, मग तीन, मग अठरावा. ज्याचा स्कोअर तिथं चांगला, तो पुढं. त्यामुळे दहाव्या होलला गडबड झाली म्हणून उरलेला राउंड सोडून देऊ नका. बक्षिसाचंही बघा. हौशी दर्जा टिकवायचा असेल, तर बक्षिसाची मर्यादा २०२२ पासून ७०० पौंड किंवा १००० डॉलर इतकी आहे. रोख रक्कम फक्त हँडिकॅप न धरणाऱ्या स्पर्धेत घेता येते. होल-इन-वनची गाडी मात्र या मर्यादेत येत नाही, ती खुशाल घरी न्या!

टी-ऑफच्या आदल्या रात्री

• गाइडलाइन्स आणि लोकल रूल्स छापून बॅगेत ठेवा. मोबाइलवर आहे म्हणू नका.
• हँडिकॅप ताजा आहे का, ते तपासा.
• क्लब मोजा. चौदा म्हणजे चौदा.
• चेंडूंवर खूण करा, निदान सहा चेंडूंवर.
• टी-टाइमच्या तासभर आधी पोचायचा गजर लावा.
• आपली पाळी आली की फटका चाळीस सेकंदांत मारा, नियमांची शिफारस तेवढीच आहे. मागचा गट तुमच्याकडे बघत असतो.
• बंकरमधली वाळू सारखी करा, ग्रीनवर चेंडूनं पडलेला खड्डा बुजवा, उडालेली हिरवळ परत बसवा.
• प्रत्येक होलनंतर आकडा मार्करशी पडताळा. सहीआधी पुन्हा एकदा.
• शंका आली तर विचारा, रेफ्री नसेल तर दोन चेंडू खेळा.
• आणि चेंडू हलला, तर हात वर करा.